एकच जुनी लष्करी रायफल, नेमबाजीलाही आणि संग्रहालाही: इशापूर घ्यावी की नंबर चार?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत राहणारे, ग्रीन कार्ड असलेले एक गृहस्थ महिन्यातून एकदा शंभर-दोनशे यार्डांवर नेमबाजी करू इच्छितात. त्यासाठी त्यांना एकच जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे आणि पुढे ती संग्रहात शोभावी, तिची किंमतही टिकावी, अशी अपेक्षा आहे. भारतात पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री मनात असल्यामुळे त्यांनी निवड ली-एनफिल्ड घराण्यापर्यंत आणली आहे. आता इशापूरची ७.६२ वाली २ए१ घ्यावी की ब्रिटिश .३०३ ची नंबर चार, एवढंच ठरायचं आहे.

उत्तर आधी देतो. नेम महत्त्वाचा असेल तर नंबर चार मार्क २, किंवा मार्क १/२ अथवा १/३. काडतुसं सहज मिळावीत आणि भारताशी नातंही असावं, असं वाटत असेल तर २ए१. पण मॉडेल हा दुसरा प्रश्न. समोर ठेवलेल्या त्या एका रायफलची नळी, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) आणि लाकूड कसं आहे, हा पहिला. वाईट नळीची दुर्मीळ रायफल नेमबाजीला निरुपयोगी असते आणि चांगल्या नळीची पण कुणीतरी तासून-कापून ठेवलेली रायफल संग्रहाला. दोन्ही हेतूंना पुरेल अशी रायफल बहुधा लष्करी कारखान्यात पूर्ण दुरुस्त होऊन निघालेली असते. तिचा बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट सरकतो ती मुख्य चौकट) यांचा क्रमांक जुळतो, ती दिसायला थोडी मळकट असते, पण नंतर कुणी तिला हात लावलेला नसतो. वेष्टनातली, एकही बार न उडालेली रायफल घेऊन ती रेंजवर नेऊ नका. ब्रिटनमधल्या फाझाकरली कारखान्याच्या ‘पीएफ’ क्रमांकाच्या, आयर्लंडसाठी केलेल्या नंबर चार मार्क २ अशा गुंडाळलेल्या अवस्थेत बाजारात आल्या होत्या. त्यातली अजून बंद असलेली एखादी मिळाली तर वेष्टन फोडताक्षणी तिची किंमत उतरते.

कायद्याचं आधी पाहून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर संघीय कायद्याची आडकाठी नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक बाळगायलाच मनाई आहे, अपवाद मोजके. वैध शिकारी परवाना हा त्यातला नेहमीचा. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येऊ शकतं. व्हिसावरचे नातेवाईक हौसेने बरोबर येणार असतील तर हे विसरू नका. संग्राहकांसाठी टाइप ०३ परवाना आहे, तीन वर्षांसाठी ३० डॉलर. त्यावर पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली रायफल थेट घरपोच मागवता येते. व्यवहारांची नोंदवही ठेवावी लागते, आणि धंदा म्हणून विकता येत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये आधी स्थानिक चौकशी करा. पन्नास वर्षांची अट २ए१ च्या बाबतीत महत्त्वाची आहे, कारण ती साठच्या आणि सत्तरच्या दशकांतली. बट सॉकेटवरचं (रिसीव्हरला कुंदा बसतो तिथलं) साल वाचूनच ठरवा.

आता दोन्ही उमेदवार.

२ए आणि २ए१ बद्दल सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज म्हणजे ‘जुन्या थ्री-नॉट-थ्रीला ७.६२ ची नळी बसवली आहे’. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने नंबर १ मार्क ३ चाच, म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीचाच, आराखडा घेतला, पण अधिक मजबूत पोलादात ७.६२ नाटोसाठी नव्याने बनवला. मॅगझीन चौकोनी, बारा काडतुसांचं. २ए ची मागची साइट २००० यार्डांपर्यंत आखलेली, २ए१ ची ८०० मीटरपर्यंत. हा बदल शहाणपणाचा होता, पण साइट तीच उघडी V किंवा U खाचेची आणि नळीवर, डोळ्यापासून लांब. चाळिशीनंतर ती खाच धूसर दिसते आणि दोष रायफलीला दिला जातो.

२ए१ चं बोल्टहेड (बोल्टचं पुढचं सुटं डोकं) नंबर चारच्या बोल्टला बसत नाही, आटे वेगळे आहेत. २ए१ चं मॅगझीनही .३०३ वाल्यापेक्षा वेगळं आणि सुटं घ्यायला गेलात तर महाग. म्हणून विक्रेता ‘मॅगझीन नाही, पण कुठेही मिळेल’ म्हणाला तर तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

७.६२ नाटो आणि .३०८ विंचेस्टर यांच्यावरून भरपूर वाद होतात. व्यवहारापुरतं एवढं लक्षात ठेवा. .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआय आणि ७.६२ चा ५०,००० असं शेजारी मांडलेलं दिसतं, पण दुसरा आकडा सीयूपी या वेगळ्या मापनपद्धतीतला आहे. ते दोन आकडे वजा करून धोका मोजता येत नाही. खरा फरक हेडस्पेसमध्ये आहे. .३०८ चे गेज (हेडस्पेस तपासायचे पोलादी ठोकळे) १.६३० इंचांपासून सुरू होतात आणि कमाल मर्यादा दाखवणारा फील्ड गेज १.६३८ ला संपतो, लष्करी ७.६२ च्या चेंबरला जवळपास १.६४५ पर्यंत मुभा होती. त्यामुळे २ए१ चा बोल्ट .३०८ च्या फील्ड गेजवर बंद झाला म्हणजे रायफल लगेच बाद होत नाही. पण तिच्यात पातळ भिंतीचं व्यापारी .३०८ काडतूस वापरलं तर केस (काडतुसाची पितळी नळकांडी) जास्त ताणली जाते. २ए१ साठी १४७ ते १५० ग्रेनच्या गोळीचं, नाटो मापाचं काडतूस वापरा. १८० ग्रेनची शिकारी काडतुसं या बोल्टच्या मागच्या लगवर (बोल्ट अडवून धरणाऱ्या खुंटांवर) लादायचं कारण नाही.

२ए१ घेताना कापलेल्या नगांपासून सावध राहा. आखूड नळी आणि शंकूसारखा फ्लॅशहायडर लावून ‘नंबर ७ जंगल कार्बाइन’ म्हणून विकलेल्या रायफली दिसतात. अशी कार्बाइन कोणत्याही सैन्याने वापरली नाही. खरी नंबर ७ म्हणजे .२२ ची सरावाची रायफल. हे नग गंमत म्हणून ठीक, संग्रहात त्यांना किंमत नाही. नंबर ५ ची खरी जंगल कार्बाइन ओळखायची असेल तर हँडगार्ड (नळीवरचं लाकूड) काढून नळीच्या मुळाशी वजन कमी करायला खरवडलेले कट पाहा. नकली नगांत ते नसतात.

नंबर चारची बाजू अशी: मागे डोळ्याजवळ छिद्राची साइट, जाड नळी, आणि हेडस्पेस सुधारता येण्याची सोय. बोल्टहेड ०, १, २, ३ असे चढत्या लांबीत आहेत, दोन आकारांत साधारण ०.००३ इंचाचा फरक. रायफलीवर आधीच ३ क्रमांक बसलेला असेल आणि तरीही फील्ड गेज आत जात असेल तर पुढे उपाय उरत नाही. ती भिंतीवर टांगायची. क्रमांकावर आंधळा विश्वास नको, मायक्रोमीटरने मोजा. एखादा ‘२’ दुसऱ्या ‘१’ पेक्षा आखूडही निघतो.

मार्क १* हे कॅनडाच्या लाँग ब्रांच आणि अमेरिकेच्या सॅव्हेज या कारखान्यांचं. त्यात बोल्टहेड बाहेर काढायला उजव्या रेलमध्ये पुढे एक खाच आहे. त्या खाचेचा कोपरा उडालेला असेल तर बोल्ट पुढे ढकलताना हेड रेलमधून सटकतं. फोटोत ही जागा सहसा दाखवत नाहीत. मुद्दाम मागा. मार्क २ मध्ये चाप ट्रिगर गार्डऐवजी थेट रिसीव्हरवर टांगला आहे. लाकूड दमट हवेत फुगलं-आकसलं तरी चापाची ओढ बदलत नाही. मार्क १/२ आणि १/३ या त्याच सुधारणेने बदललेल्या जुन्या मार्क १ आणि १* रायफली. मला विचाराल तर दोन्ही हेतू एकत्र बसवायला १/२ आणि १/३ सर्वांत फायदेशीर. त्यांच्यावर युद्धकाळातल्या खुणाही असतात आणि नंतर कारखान्यात झालेल्या पूर्ण दुरुस्तीचा ‘एफटीआर’ शिक्काही. शुद्धतावादी संग्राहक त्यांना नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्त पडतात.

नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या खाचा असतात; दोनच खाचांच्या नळीला घाबरू नका. युद्धातल्या घाईत पाचऐवजी दोन खाचांच्या नळ्या बनल्या आणि चपट्या बुडाची गोळी दिली तर त्या नीट मारतात.

रायफल हातात आली की तपासणी कशी करावी, हे जरा सविस्तर, कारण चुका इथेच होतात.

आधी रिकामी असल्याची खात्री: बोल्ट उघडा, मॅगझीन काढा, चेंबरमध्ये बोट घाला. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा. काळपट नळी म्हणजे वाईट नळी नव्हे. आधी ती घासून साफ करायला सांगा, बऱ्याचदा तांब्याचा थर आणि जुनं ग्रीस निघाल्यावर खाचा ठळक दिसतात. खड्डे मधल्या भागात थोडे असले तरी चालतात, तोंडापाशी असतील तर नाही. तोंडाच्या कडेचा वर्तुळाकार शाबूत आहे का पाहा. वर्षानुवर्षं सफाईची दोरी तिरकी ओढल्याने तोंड एका बाजूला अंडाकृती झिजतं आणि मग कितीही चांगलं काडतूस दिलं तरी गोळ्या विखुरतात. झीज मोजायला त्यासाठीचा गेज उत्तम. नुसती .३०३ ची गोळी (काडतूस नव्हे) नळीच्या तोंडात टोकाकडून घालून बघणं हा ढोबळ अंदाज आहे. ती निमुळता भाग संपेपर्यंत सरळ आत शिरली तर शंका घ्या. जिवंत काडतूस कधीही तोंडात खुपसून पाहू नका. दुकानात हे करणारे लोक आहेत म्हणून लिहितो.

.३०३ नळीत खाचांचं माप ०.३११ पासून ०.३१५ किंवा त्याहून मोठं निघू शकतं. गोळी ०.३११ किंवा ०.३१२ हवी; .३०८ ची गोळी खाचा नीट पकडत नाही. मोजायचं तर मऊ शिशाचा तुकडा पितळी दांड्याने नळीतून हळूहळू ढकला. पाच खाचांच्या नळीत समोरासमोर खाचा येत नाहीत, त्यामुळे कॅलिपरने सरळ व्यास मिळत नाही. पट्टी गुंडाळून किंवा व्ही-ब्लॉकने मोजावं लागतं. या एका कारणाने नळीचं माप चुकीचं भरतं.

हेडस्पेस: .३०३ चं काडतूस रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) टेकतं. गो गेज ०.०६४ इंच, लष्करी फील्ड गेज ०.०७४. ही रायफल बोल्ट पुढे ढकलताना कॉक होते, त्यामुळे स्प्रिंगचा जोर गेजचा अंदाज बिघडवतो. स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) काढून, फक्त बोटाच्या जोराने हँडल खाली आणा. गो वर बंद झाला पाहिजे, फील्डवर नाही. व्यापारी ‘नो-गो’ ०.०६७ चा असतो. त्यावर बंद झाली म्हणून रायफल टाकून देऊ नका, सैन्याने तो वापरलाच नव्हता. उलट ०.०७४ च्या आत असूनही काडतुसाची रिम ०.०५८ भरली तर मागे ०.०१६ इंचांपर्यंत पोकळी राहू शकते. केस तेवढी मागे ताणली जाते. बाकी काही बिघडलं नसलं तरी केस चटकन फाटतात, त्याचं कारण हेच.

नंबर १ च्या बोल्टहेडवर आकार नाहीत, म्हणून तिथे हेडस्पेस बिघडलेली असेल तर जुळणारं हेड शोधत बसावं लागतं. आणि बोल्टहेड आट्यांवर थांबण्याच्या जागेपलीकडे वीसेक अंशांहून जास्त फिरत असेल, तर ते त्या बोल्टला नीट जुळत नाही.

बोल्ट आणि रिसीव्हरचे क्रमांक जुळणं हा फक्त संग्राहकी हट्ट नाही. लग दोन्ही बाजूंनी टेकावेत म्हणून बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो. मार्करची शाई लावून बोल्ट उघड-बंद केला की टेकतो कुठे ते दिसतं. एकाच बाजूला शाई पुसली गेली तर न जुळणारा बोल्ट समजा.

आता लाकूड, खास करून भारतातून आलेल्या रायफलींचं. इशापूरच्या नगांवर बरेचदा जाड काळा रंग दिलेला असतो. वरून देखणं, पण हँडगार्ड काढला की लाकडाखालच्या रेषेवर गंजाचे खोल खड्डे सापडू शकतात. विक्रेता हँडगार्ड काढू देत नसेल तर फोटोवर किंमत ठरवू नका. फोरएंडमध्ये (नळीखालच्या लांब लाकडात) आडवा बसवलेला स्क्रू इशापूरची खूण आहे. तो रिसीव्हरजवळचं लाकूड फाटू नये म्हणून मुद्दाम दिलेला आहे. ते दुरुस्तीचं चिन्ह म्हणून किंमत पाडायचं कारण नाही. ‘डीपी’ शिक्का असेल तर रायफल कवायतीची. ती बार उडवायला नाही, स्ट्रायकर नवा टाकला तरी नाही. .४१० ची इशापूर मस्केट मात्र वेगळी. ती एकेक काडतुसाची, मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा, चेंबर मोठं केलेलं. .३०३ समजून घेऊ नका.

फोरएंडच्या मागच्या टोकाला आतून दोन आधार असतात, त्यांना ड्रॉज म्हणतात. बारचा सगळा धक्का तिथे येतो. जुनं लाकूड सुकून आक्रसलं की ते आधार दबतात, फोरएंड पुढेमागे हलतो आणि गोळ्या उभ्या रेषेत विखुरतात. तपासायला रायफल आडवी धरून फोरएंड पुढे-मागे ढकलून पाहा. हालचाल जाणवली तर ड्रॉज भरून घ्यावे लागतील. लाकडाची किंवा इपॉक्सीची बारीक पट्टी बसवून हे काम मूळ भाग न गमावता करता येतं, पुढे काढताही येतं. नंबर चारच्या टोकाला फोरएंडने नळीवर थोडा वरचा दाब द्यायचा असतो, साधारण दोन ते सात पौंड. दाबच नसेल किंवा नळी एका बाजूला टेकत असेल तर नळी गरम झाल्यावर गोळ्यांचा पुंजका सरकतो. पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूखालची कॉलर हरवलेली असेल तर तिच्याशिवाय स्क्रू आवळत जाऊ नका, लाकूड चिरडतं.

नंबर १ आणि २ए१ चा कुंदा काढायचा झाला तर आधी फोरएंड काढा, मग कुंद्याचा बोल्ट फिरवा. त्या बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं. उलट क्रमाने गेलात तर फोरएंड मागून फाटतो आणि हे घडण्याआधी कुठलाही आवाज येत नाही.

सफाईत हात आवरा. ग्रीस काढायला मिनरल स्पिरिट आणि कापड. उन्हात काळ्या पिशवीत ठेवलं की लाकडातलं ग्रीस आपसूक झिरपतं. सँडपेपर नको, कॉस्टिकचा फेस नको. लाकडावरचे शिक्के एकदा गेले की गेलेच. कच्चं जवसाचं तेल पातळ हाताने लावा, दिवसभर मुरू द्या, पुसून टाका. धातूला नव्याने निळं करू नका. गंजाचा लाल भाग तेल आणि बारीक स्टील वूलने घासून थांबवणं पुरे.

काडतुसांची निवड. जुन्या लष्करी .३०३ मध्ये बुडातल्या टोपीत (प्रायमरमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असतं; जळल्यावर मागे उरतं ते क्षार, जे हवेतलं पाणी शोषून नळी गंजवतात. तेलात किंवा नेहमीच्या सॉल्व्हेंटमध्ये ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्याच दिवशी नरसाळ्याने चेंबरकडून अर्धा-एक लिटर उकळतं पाणी नळीतून सोडा, तोंड खाली धरून. गरम नळी स्वतः सुकते. मग कोरडी चिंधी, मग तेल, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघा. बोल्टचा चेहराही धुवा, लोक तो विसरतात. चाप ओढल्यावर बार नाही झाला तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा. जुनी काडतुसं उशिरा पेटतात.

नवीन काडतुसांत प्रीव्ही पार्टिझान कंपनीची १७४ ग्रेनची ठीक आणि पुन्हा भरता येणारी. पहिल्या बारला केसच्या रिमपुढे एक पातळ रबरी ओ-रिंग घातली की केस मागे टेकून राहते आणि बुडाजवळ ताणली जात नाही. त्यानंतर फक्त मान दाबून भरा, पूर्ण केस दाबू नका. बुडापासून सुमारे एक सेंटिमीटरवर चकाकणारी रेषा दिसली, किंवा वाकवलेल्या तारेचं टोक आतून तिथे अडलं, की ती केस फेकून द्या. मॅगझीनमध्ये भरताना प्रत्येक काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे येऊ द्या, नाहीतर रिमवर रिम अडकून बोल्ट जाम होतो.

नंबर चारची मागची साइट २०० यार्डांपासून सुरू होते, म्हणून शंभरावर गोळी वर लागणं साहजिक आहे. पुढची माशी (पुढच्या साइटचा उभा काटा) ०.०१५ इंचांच्या टप्प्याने वेगवेगळ्या उंचीत मिळते. एक टप्पा म्हणजे शंभर यार्डांवर जवळपास दोन इंच. उंच माशीने गोळी खाली येते. माशी घासून उंची कमी करू नका, जुनी जपून ठेवून दुसरी लावा. लाकूड नीट बसलेली, बरी नळी असलेली नंबर चार शंभर यार्डांवर तीन-चार इंचांत मारते. त्यापेक्षा चांगलं हवं असेल तर काडतुसं बदलून पाहा, रायफल नव्हे.

बाकीच्यांवर थोडक्यात. स्विस के३१ नेमात दोघींच्याही वर आहे. कुंद्याच्या पत्र्याखाली कधी त्या शिपायाच्या नावाची चिठ्ठी सापडते; पण जीपी११ काडतुसांचा साठा सरला तर ७.५×५५ महाग पडतं. स्वीडिश मॉझर ६.५×५५ नेमाला उत्तमच. मोसिन स्वस्त असण्याचे दिवस गेले, आणि २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेत बंदी आली आहे. जर्मन के९८के मध्ये रशियाने पकडलेल्या नगांवर शेलॅकचा लेप आणि इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेले नवे क्रमांक असतात. नेमबाजीला चालतील, पण ‘सगळे क्रमांक जुळतात’ म्हणून त्यांना जास्त पैसे देऊ नका. सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम) या संस्थेकडून मिळणारी एम१ गॅरंड उत्तम, पण तिथे अमेरिकन नागरिकत्वाचा पुरावा लागतो. ग्रीन कार्डवर ती वाट बंद.

विक्रेत्यांच्या कथांवर पैसे मोजू नका. ‘ही मराठा पलटणीत होती’ असं म्हणत इशापूरच्या रायफलीची किंमत चढवलेली दिसते. रायफलीवर जे कोरलं आहे तेवढंच खरं धरा: कारखाना, साल, दुरुस्तीचे शिक्के, आणि स्वातंत्र्यानंतरच्या नगांवर राजमुकुटाच्या जागी आलेली सिंहमुद्रा. मालकीचा लेखी पुरावा असेल तर तो स्वतंत्र कागद म्हणून ठेवा.

भारतात येताना या छंदातलं काहीही बरोबर आणू नका. .३०३ आणि ७.६२ दोन्ही भारतात प्रतिबंधित बोअर आहेत. सामान्य परवान्यावर त्या मिळत नाहीत आणि अमेरिकेतली मालकी इथे काही कामाची नाही. रेंजला नेलेली बॅग मुंबईच्या प्रवासाला वापरायची असेल तर आधी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तरात घसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवा आणि ती प्रवासाला वापरूच नका.